एका ओट्याचे दोन धनी

इंदूरच्या सराफ्यात रात्री आठ-साडेआठच्या सुमारास उभे राहिले म्हणजे एक लहानसा विधी रोज पाहावयास मिळतो. पेढीवरील नोकर गादीवरची पांढरी चादर झटकून तिची घडी घालतो. काचेच्या कपाटातले दागिने तिजोरीत जातात. तराजूवर आच्छादन पडते. लोखंडी पडदा खडखडत खाली येतो, मालक कुलूप लावतो, ते दोनदा ओढून पाहतो, दाराला लावलेला हात कपाळाला लावतो आणि ओट्यावरून खाली उतरतो. तो उतरतो न उतरतो तोच गल्लीच्या तोंडाशी थांबलेली हातगाडी पुढे सरकते. कोणी ओट्यावर पाणी मारतो, कोणी पाट मांडतो, कोणी शेगडी पेटवतो. ज्या जागी दिवसभर तोळ्या-माशांचा हिशेब चालला होता, त्याच जागी अर्ध्या तासात कढईतले तूप तापू लागते. जाणारा आणि येणारा यांच्यात फारसे बोलणे होत नाही. मान किंचित हलते, एवढेच.

एकच ओटा, आणि त्याचे दिवसाचे आणि रात्रीचे धनी निराळे. इंदूरचा सराफा प्रसिद्ध आहे तो खाद्यपदार्थांसाठी. परंतु या गल्लीची खरी अपूर्वाई या हस्तांतरात आहे. ते कसे घडून आले, कशावर टिकले, आणि आज त्याला कोणता ताण सोसावा लागत आहे, हे समजून घेण्यासारखे आहे.

सराफा राजवाड्याच्या पाठीशी आहे. इंदूरचा राजवाडा सात मजली. खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडी. त्याच्या समोरचा चौक सोडून बाजूच्या वाटेने आत शिरले की एकेका धंद्याची गल्ली लागत जाते. बजाजखान्यात कापड, पुढे भांडी, पुढे किराणा, आणि मग मोठा सराफा व छोटा सराफा. रस्ता अरुंद आहे. दोन्ही बाजूंना जुनी दुमजली-तिमजली घरे, खाली पेढी आणि वर बिऱ्हाड किंवा कारखाना. पेढीपुढे दगडी ओटा. माळवी माणूस त्याला ओटला म्हणतो, मराठी माणूस ओटा म्हणतो. या गल्लीत दोन्ही शब्द चालतात, आणि दोन्ही शब्द बोलणारी माणसे त्यावर सारखीच टेकतात.

अठराव्या शतकाच्या आरंभी जमीनदार राव नंदलाल यांच्या पुढाकाराने येथे पेठ वसली. पुढे मल्हारराव होळकरांच्या अमलाखाली ती वाढली. परंतु इंदूरला राजधानीचे स्थान मिळाले ते महिदपूरच्या लढाईनंतर. १८१७ च्या डिसेंबरात ती लढाई झाली आणि ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसोरचा तह झाला. त्यानंतर होळकरांचा दरबार इंदुरास स्थिरावला. दरबाराबरोबर कारकून, शिलेदार, भिक्षुक, वैद्य अशी मराठी कुटुंबे आली, आणि दरबारास पैसा पुरविणारे मारवाडी, गुजराती व जैन सावकारही आले. लेखणी आणि थैली अशी दोन कुळे एका गावात शेजारी राहू लागली.

या थैलीचा एक मोठा झरा अफूचा होता. माळव्याच्या काळ्या जमिनीत पिकलेली अफू मुंबईमार्गे चीनकडे जात असे, आणि तिच्या भावावर इंदुरात मोठाले सट्टे होत. हुंड्या लिहिल्या जात, वटविल्या जात. एका सावकाराच्या शब्दावर दूरच्या पेढीवर रोकड मिळे. व्यापारातील तंटे मिटविण्यासाठी अकरा पंचांची सभा होती आणि होळकर दरबारने तिला मान्यता दिलेली होती. पंचांचा निवाडा मानला नाही तर बाजारातली पत जाई, आणि पत गेलेल्या सावकाराजवळ दुसरे उरते काय? १८७० च्या सुमारास दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी खंडवा ते इंदूर लोहमार्गासाठी इंग्रज सरकारला एक कोट रुपये कर्जाऊ दिले. संस्थानिकाने साम्राज्याला कर्ज द्यावे, हे त्या काळच्या इंदूरच्या सुबत्तेचे बोलके उदाहरण होय. चीनकडे जाणारी अफू १९१३ मध्ये थांबली. तोवर तेथला पैसा कापडाच्या गिरण्यांकडे वळू लागला होता. त्या उलाढालीतले अग्रणी नाव सर सेठ हुकुमचंद यांचे. त्यांनी बांधविलेले, भिंतींपासून छतापर्यंत काचेने मढविलेले जैन मंदिर सराफ्यापासून हाकेच्या अंतरावर आहे.

ही पार्श्वभूमी सांगण्याचे कारण असे की सराफ्याचा व्यवहार प्रथमपासून कागदापेक्षा शब्दावर अधिक चालत आला. रात्रीचा बाजारही त्याच मुशीतून निघालेला आहे.

दिवसाचा सराफा पाहणाऱ्यास थोडा उदासच वाटेल. तेथे आरडाओरड नाही. गिऱ्हाईक गादीवर बसते, पाणी येते, चहा येतो, घरच्या लग्नकार्याची चौकशी होते, आणि मग डबी उघडते. सोन्याचा कस काळ्या दगडावर घासून पाहण्याची जुनी रीत आता मागे पडली आहे. शुद्धता यंत्रावर तपासली जाते आणि दागिन्यावर सरकारी छाप असतो. तरीही जुन्या गिऱ्हाईकाची नजर छापाआधी सराफाच्या चेहऱ्याकडे जाते. दागिन्यांचीही येथे भाषा आहे. खेड्यातून आलेली माळवी बाई बोर आणि रखडी पाहते; मराठी बाई मंगळसूत्र, ठुशी आणि तोडे मागते. पिढ्यान् पिढ्या दोन्ही घडविणारा सराफ दोघींशी त्यांच्या त्यांच्या शब्दांत बोलतो. वरच्या मजल्यांवर लहान लहान खोल्यांतून कारागीर बसलेले असतात. त्यांतले कितीतरी बंगालमधून आलेले आहेत. मान खाली, हातात चिमटा, पुढे ज्योत. रस्त्यावरून जाणाऱ्यास ते दिसतही नाहीत.

सोनारआळीतला केरसुद्धा फुकट नसतो. तो गोळा करून, धुऊन, त्यातले सोन्याचे कण वेगळे काढणारी माणसे प्रत्येक जुन्या सराफ्यात असतात. मराठीत त्यांना झारेकरी म्हणतात, हिंदीत न्यारिया. ज्या रस्त्यावरची धूळही झारून पाहिली जाते, तो रस्ता रात्री तुपाच्या आणि दह्याच्या स्वाधीन होतो, ही गोष्ट पहिल्यांदा ऐकणाऱ्यास नवलाचीच वाटते.

मग हे घडले कसे? शहरात सांगतात ते असे. सराफ्यात दुकाने बंद झाली की गल्ली निर्मनुष्य होई, आणि आत तिजोऱ्या भरलेल्या. पहारेकरी एकटा पडे. त्या ओट्यांवर मिठाईवाले, दूधवाले बसू लागले आणि मध्यरात्रीपर्यंत दिवे व माणसे राहू लागली, तेव्हा चोराला गल्लीत पाऊल टाकणे कठीण झाले. सराफाला पगाराशिवाय राखण मिळाली. हलवायाला भांडवलाशिवाय जागा मिळाली. काही ओट्यांचे भाडे ठरले, काही केवळ ओळखीवर चालू राहिले. बापाच्या जागी मुलगा बसला. एकाच्या गरजेत दुसऱ्याची सोय होती, म्हणून ही घडी बसली.

याला हवेचीही अनुकूलता होती. माळवा हे पठार आहे. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर वसले आहे. वैशाखातला दिवस तापला तरी रात्र निवते. काशीची सकाळ, लखनौची संध्याकाळ आणि माळव्याची रात्र अशी उत्तरेत जुनी वाखाणणी आहे. जेवणानंतर घरात घुसमटत बसण्यापेक्षा चार पावले चालून गोडधोड खाऊन यावे, असे वाटण्याजोगी ती रात्र असते. यात एक गंमत आहे. सराफ्यातील कितीतरी घरे सूर्यास्तानंतर अन्न वर्ज्य मानणाऱ्या जैनांची. आणि नेमक्या त्यांच्याच दारात शहराची रात्रीची पंगत बसते. त्यांनी आपला नेम सोडला नाही आणि शेजाऱ्याच्या कढईला हरकतही घेतली नाही. गल्लीनेही त्यांचा मान राखला. येथे जे शिजते ते सारे शाकाहारी असते.

नऊनंतर गर्दी भरू लागते. थंडीच्या दिवसांत पहिला मान गराडूचा. हा कोनफळाच्या जातीचा कंद. त्याचे चौकोनी तुकडे एकदा तळून ठेवतात, आणि गिऱ्हाईक आले की पुन्हा तळून वर लिंबू पिळतात व जिरावण भुरभुरतात. जिरावण हा माळव्याचा मसाला. इंदूरच्या सकाळच्या पोह्यांवरही तो पडल्यावाचून राहत नाही. शेजारी मक्याचा कीस शिजत असतो. कोवळी कणसे किसून, तुपाच्या फोडणीत परतून, दुधात आटविलेला हा पदार्थ चवीला किंचित गोड, किंचित तिखट. पुढे खोबऱ्याचे सारण भरलेले पॅटिस, मावाबाटी, मालपुवा, रबडी. जिलबीचा थोरला भाऊ जलेबा. एक घेतला तर चार माणसांस पुरतो. शिकंजी या नावाने उत्तरेत सर्वत्र लिंबाचे सरबत मिळते, पण इंदुरात ती आटीव दुधाची आणि सुक्या मेव्याची असते. पाहुण्याने लिंबाच्या अपेक्षेने पेला तोंडाला लावावा आणि चकित व्हावे. एका दुकानी दहीवड्याचा द्रोण हवेत उडवून पुन्हा झेलतात, आणि एकाच चिमटीतले निरनिराळे मसाले एकामागून एक असे वेगवेगळे सोडतात. ती करामत पाहण्यासाठीच निम्मी माणसे उभी असतात.

मराठी माणसाची पावले मात्र साबुदाण्याच्या खिचडीपाशी थांबतात. ही खिचडी मुळात एकादशीची, शिवरात्रीची, चतुर्थीची. मराठी घरांत ती उपासाच्या दिवशी होते आणि त्या दिवसापुरतीच राहते. इंदुरात ती घराबाहेर पडली, ओट्यावर आली, आणि रोजची झाली. भिजवलेला साबुदाणा मोठ्या पातेल्यात वाफेवर गरम ठेवलेला असतो. गिऱ्हाईक आले की त्यात मसाला, हिरवी मिरची, लिंबू, कोथिंबीर आणि मूठभर फराळी मिश्रण घालून कालवतात. दाण्याचे कूट आणि जिऱ्याची फोडणी यांवर पोसलेल्या पुण्या-साताऱ्याच्या पाहुण्याला ती प्रथम अनोळखी वाटते. इंदूरच्या आजीबाईंनाही ती घरच्यासारखी वाटत नाही, तरी नातवंडांना घेऊन त्या येतात, एक घास खातात आणि म्हणतात, “आपल्याकडची नव्हे, पण वाईट नाही हो.” खिचडीवाल्याला त्या “भिया” म्हणतात, कारण इंदुरात सगळेच सगळ्यांना भिया म्हणतात. तो त्यांना “आई” म्हणतो. आई हा शब्द त्याने गिऱ्हाइकांकडूनच घेतला आहे. देवघरातला पदार्थ बाजाराने घेतला आणि बाजाराची भाषा देवघरात शिरली. इंदूरच्या मराठीत हिंदीची वळणे आहेत म्हणून महाराष्ट्रातले लोक हसतात. १९१७, १९३५ आणि २००१ मध्ये मराठी साहित्यसंमेलन ज्या गावाने भरविले, त्या गावाच्या मराठीला त्या हसण्याची फारशी चिंता वाटू नये. ती भाषा शेजाऱ्याबरोबर राहून तशी झाली आहे.

असा हा बाजार पिढ्यान् पिढ्या निर्वेध चालला. आता मात्र त्यावर चिंतेची छाया आहे, आणि ती नाकारण्यात अर्थ नाही. अलीकडच्या वर्षांत येथे येणाऱ्यांची संख्या अतोनात वाढली. पूर्वी मोहल्ल्यातली आणि शहरातली माणसे येत. आता देशभरातून प्रवासी येतात. दुकाने वाढली. ओट्यांवर मावेनात, ती रस्त्यावर उतरली. गराडू आणि मालपुव्याच्या शेजारी नूडल्स आणि मोमो आले. प्रत्येक शेगडीखाली गॅसची टाकी. वरच्या मजल्यांवर कारागिरांच्याही ज्योती आणि टाक्या. मधून माणूस आडवा होऊन जाईल एवढीच वाट. सराफ म्हणतात, दुकान बंद करण्याआधीच गाड्या दारात येतात, गिऱ्हाईक पेढीपर्यंत पोचत नाही, आणि उद्या आग लागली तर बंब आत येणार कोठून? खाद्यपदार्थवाले म्हणतात, आमच्यामुळेच या गल्लीचे नाव देशात झाले, आमची तिसरी पिढी येथे उभी आहे, आम्ही जावे कोठे? महापालिका, व्यापारी मंडळे, वृत्तपत्रे या सर्वांत हा वाद पुन्हा पुन्हा रंगतो.

सराफांची भीती काल्पनिक नाही. गल्लीच्या टोकाशी उभा असलेला राजवाडाच त्याची साक्ष देतो. १८०१ मध्ये सर्जेराव घाटग्यांच्या स्वारीत तो जळाला. १९०८ मध्ये त्याचा एक भाग पुन्हा आगीत गेला. १९८४ च्या दंगलीत मागचा भाग भस्मसात झाला, आणि तो जुन्या पद्धतीने पुन्हा उभा राहण्यास २००७ साल उजाडावे लागले. राजाच्या वाड्याची जर तीनदा अशी गत झाली, तर भोवतालच्या लाकडी माड्यांचा भरवसा कोणी द्यावा?

याच गल्ल्यांचा विचार शंभर वर्षांपूर्वी एका परदेशी माणसाने केला होता. पॅट्रिक गेडिस हे स्कॉटलंडचे वनस्पतिशास्त्रज्ञ आणि नगररचनाकार. होळकर दरबारने त्यांना पाचारण केले आणि १९१८ मध्ये त्यांचा इंदूरविषयीचा दोन खंडांचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्या काळी शहरसुधारणा म्हणजे जुनी वस्ती पाडून सरळ रुंद रस्ते काढणे, असाच समज होता. गेडिस यांनी त्याला विरोध केला. जुन्या गल्लीत आधी हिंडावे, माणसे कशी राहतात ते पाहावे, जेथे अगदी अडचण आहे तेवढेच काढावे, आणि बाकीचे राखावे, असे त्यांचे मत होते. वैद्य जसा दुखऱ्या भागापुरतीच शस्त्रक्रिया करतो, तसे. प्लेगाने त्रासलेल्या या शहरात त्यांनी दिवाळीच्या सुमारास एक मिरवणूक काढविली, आणि जे मोहल्ले आपले रस्ते स्वच्छ करतील त्यांच्याकडूनच ती जाईल असे जाहीर केले, असा वृत्तांत त्यांच्या चरित्रकारांनी दिला आहे. तेव्हा घरोघर केरसुण्या निघाल्या. २०१७ पासून देशव्यापी स्वच्छता सर्वेक्षणात इंदूर वर्षानुवर्षे पहिले येत राहिले. जे काम दंडाने होत नाही ते अभिमानाने होते, हा या शहराचा जुना अनुभव आहे.

सराफ्याच्या प्रश्नाचे उत्तरही बहुधा याच वाटेवर सापडेल. बाजार सारा उचलून दूरच्या मोकळ्या मैदानात नेला तर पदार्थ तेच राहतील, जागा ऐसपैस होईल, बंबही येईल. पण तेथे ओटा नसेल, आणि ओट्याखेरीज सराफाचा आणि हलवायाचा संबंध उरणार नाही. उलट, आहे तसेच चालू दिले तर एखाद्या रात्री एखादी ठिणगी सर्वांचाच हिशेब संपवील. जुने ते राखावयाचे असेल तर जुन्या करारातील मर्यादाही राखली पाहिजे. दुकान बंद झाल्यावाचून गाडी पुढे सरकावयाची नाही, ओट्याइतकीच जागा, रस्त्याच्या मध्याला मोकळी वाट, आणि ज्योतीची काळजी खाली जितकी तितकीच वरच्या मजल्यावर. या अटी पूर्वी कोणी लिहून ठेवल्या नव्हत्या. दोन्ही पक्षांची माणसे एकमेकांस नावाने ओळखत होती, तोवर लिहिण्याची गरज पडली नाही. ओळख विरळ झाली म्हणजे कागद लागतो. तो कागद होणे यात कमीपणा नाही. मात्र तो दोघांनी मिळून लिहावा. या गल्लीत कधीकाळी अकरा पंच बसत असत. त्यांच्या वारसदारांना एका ओट्याचा निवाडा जड जाऊ नये.

रात्री दोनच्या सुमारास कढया उतरतात. शेगड्या विझतात. उरलेले दूध पातेल्यात ओतले जाते, ओटा पुन्हा धुतला जातो, आणि हातगाडी आली तशी परत जाते. मागोमाग महापालिकेचे झाडूवाले येतात. द्रोण, कागद, काड्या सारे गोळा होते, आणि पहाटेपूर्वी रस्ता पुन्हा कोरा होतो. दहा-साडेदहाला सराफ येतो. ओट्यावर चढण्याआधी तो एकवार खाली पाहतो. दगड स्वच्छ आहे, त्यावर तुपाचा डाग नाही. तो कुलूप काढतो, उंबऱ्याला हात लावतो, आणि आपल्या वाट्याचा दिवस सुरू करतो.

रात्रीच्या धन्याने ओटा धुऊन दिला आहे, एवढे त्याला पुरते. जोवर हे पाणी पडते आहे, तोवर सराफ्याची चिंता करण्यास वाव असला तरी आशा सोडण्याचे कारण नाही.